उलटी टांगलेली होडी

मी एक पत्रा बोलतोय, आणि तोही उलटा टांगलेला.

खांदेश्वर स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली आहे. खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चहाचे डाग पडलेलं एक ड्रॉइंग बोर्ड आहे. कॉम्प्युटरच्या वर भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला मी लटकतो, डोकं खाली, पाय वर. येणारा प्रत्येक माणूस मान वाकडी करतो आणि म्हणतो, "होडी आहे ना ही?"

ते ऐकलं की मला आत गार वाटतं. हा एक शब्द कुणाच्या तोंडून निघावा म्हणून एकदा अर्ध्या फळबाजाराचा घाम निघाला होता.

पण आधी माझा जन्म सांगतो. जन्माने मी डबा. खोबरेल तेलाचा, पंधरा किलोंचा, चौकोनी. माझ्या पाठीवर नारळाच्या झाडाचं रंगीत चित्र अजून आहे. कारखान्यात छापताना हिरवा रंग जरा सरकला होता, त्यामुळे झावळ्या झाडापासून दोन सूत लांब हवेतच लटकतात. तेव्हा मला तो माझा कमीपणा वाटायचा. आता वाटतं, छापणाऱ्याची घाई त्या दोन सुतांत कायमची राहून गेली. माणसाचं काम असंच ओळखू येतं.

तेल संपलं आणि मी शिवरामच्या हातात आलो. शिवराम खेडकडचा. मुंबईतल्या जुन्या फळबाजाराजवळ एका जिन्याखाली बसून तो मार्के कापायचा. फळांच्या पेटीवर, कांद्याच्या गोणीवर व्यापाऱ्याची जी खूण मारतात, ती म्हणजे मार्का. पत्र्यात चित्र कापायचं, पत्रा पेटीवर धरायचा, वरून शाईचा आखूड केसांचा ब्रश फिरवायचा. पत्रा उचलला की चित्र पेटीवर. हा धंदा कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. शिवराम तो बघून बघून शिकला होता.

एके दिवशी श्रीवर्धनचे नझीरभाई उलडे त्याच्यापुढे येऊन बसले. हापूसचे व्यापारी. त्यांच्या आजोबांच्या वेळी आंबा गलबतातून मुंबईला यायचा.

"शिवराम, मला होडी पाहिजे. शीड भरलेली. आणि शिडाच्या मधोमध चांद."

"चांद गळून पडेल, नझीरभाई."

"तो कसा?"

"भोवतीनं शीड कापलं की मधला चांद सुटा होतो. त्याला दोन बाजूंनी दांडी ठेवावी लागेल. जे ठेवायचंय, त्याला कुठंतरी धरायला हवं."

"मग धर ना. चांद पाहिजेच."

लाकडी ठोकळ्यावर मला ठेवून शिवरामने छिन्नी चालवली. दुखलं म्हणायचं तर दुखलं, पण डबा असताना मी नुसता कशाच्या तरी भोवती होतो. त्या दिवशी मी स्वतः काहीतरी झालो. होडी, शीड, चांद आणि खाली तीन लाटा. चांदाला धरणाऱ्या दोन्ही दांड्या किंचित तिरक्या आल्या, कारण शिवराम डावखुरा. त्याने कापलेली प्रत्येक पट्टी डावीकडे कलते, मग ती माझी असो की शेजारच्या मार्क्याची.

पुढे फळांचा बाजार मुंबईहून वाशीला आला, त्याच्या मागोमाग नझीरभाईंचा गाळा आला, आणि गाळ्यामागोमाग शिवराम आणि मी. प्रशस्त रस्ते, उंच छपरं, ट्रक वळायला जागा. फक्त सावली नव्हती. श्रीवर्धनहून माल यायचा, वाशीला तो निवडून पेंढ्यात घालून नव्या पेट्यांत भरायचे, फळ्या ठोकायचे आणि मग पेटीवर मला धरायचे. एका हंगामात मी हजारो वेळा होडी सोडली.

पेट्या वाहायची आप्पाची टोळी. आप्पा तिथल्याच जुन्या गावातला, मिठागरात वाढलेला. अक्षर त्याला येत नव्हतं, पण बाजारातले सगळे मार्के तोंडपाठ. डोक्यावर पेटी आली की वर न बघता शेजारच्या हमालाच्या पेटीवर नुसती नजर टाकून तो ओरडायचा, "होरी इकरं, भोवरा तिकरं." भोवरा म्हणजे शेजारच्या गाळ्यातल्या देवजी शेठचा मार्का. वर गोल घुमट, मध्ये पट्टी, खाली टोक. तोही शिवरामनेच कापलेला.

आता संघमित्राची गोष्ट. ती शिवरामची मुलगी. मुंबईत कमर्शियल आर्ट शिकत होती आणि सुट्टीच्या दिवशी बापाचा डबा घेऊन बाजारात यायची. बाप जेवायचा, ती बोलायची. मी खिळ्यावर टांगलेला असायचो आणि ऐकायचो. डिझाइनचं माझं सगळं शिक्षण असं भाकरी आणि सुक्या जवळ्याच्या वासात झालं.

तिने सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी युरोपात पोस्टरवर वेलबुट्टी एवढी असायची की मजकूर शोधावा लागायचा. मग काही तरुण चिडले. त्यांनी फुलं काढली, अक्षरांच्या शेपट्या काढल्या आणि म्हणाले, चौकोन, गोल, त्रिकोण एवढ्यात सगळं जग मांडता येतं. पुढे कुणीतरी कागदावर अदृश्य रेघांची जाळी आखली आणि सगळं त्या जाळीत बसवलं. ते आपल्याकडेही आलं, आणि बँकांच्या, सरकारी कंपन्यांच्या साध्या ठसठशीत खुणा तयार झाल्या.

"आणि बाबा, त्यातल्या काही जणांनी पत्र्यातून कापल्यासारखी अक्षरं मुद्दाम वापरली. मोठमोठ्या चित्रकारांनी. तुमच्यासारखी, दांड्यांसकट."

शिवराम चटणी पुसत म्हणाला, "त्यांना पत्रा मिळत नव्हता वाटतं."

एकदा तिने कोनमापक आणलं आणि माझ्या दांडीवर धरलं. "बाबा, तुमची प्रत्येक दांडी सात अंश डावीकडे कलते."

"कॉलेजात हे मोजायला शिकवतात?"

"सरळ का कापत नाही?"

"डाव्या हाताची आहे. डावीकडंच जाणार."

पोरगी गोड होती, पण तिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला घाई. कॉलेज संपल्यावर ती वाशीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये लागली. कॉम्प्युटर नवा नवा आलेला, आणि लोकांना वाटत होतं की त्यात जेवढं आहे तेवढं सगळं एकाच पत्रिकेवर आलं पाहिजे. एका लग्नपत्रिकेत अकरा टाइप. सोसायटीच्या पाणी बंद राहील या सूचनेलाही सावली आणि इंद्रधनुष्य. संघमित्रा जळफळायची. "बाबा, चांगलं डिझाइन काय फक्त मोठ्या कंपन्यांनाच? हमालाला, भाजीवाल्याला का नको? त्यांच्या डोळ्यांना काय डोळे म्हणायचे नाहीत?"

मला तिचं पटायचं. आजही पटतं. फक्त तिने तेव्हा एक गोष्ट केली नव्हती, ती पुढे येईलच.

त्या वर्षी नझीरभाईंना दुबईची मोठी ऑर्डर मिळाली. न्हावा शेवाहून कंटेनर जाणार होता. त्यांनी मला हातात घेतलं, कडेचा गंज बघितला आणि म्हणाले, "शिवराम, तिथं दुकानात कसल्या कसल्या पेट्या असतात. आपली म्हणजे हे असं. तुझी पोरगी शिकलीय ना? तिला सांग, नवी होडी काढ."

संघमित्राला तर आकाश ठेंगणं झालं. नझीरभाईंनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "बेटा, मार्का चालला तर माझ्या सगळ्या मालावर तुझाच. नाही चालला तर जुना पत्रा परत. मी मन राखायला काही करत नाही."

"चालेल, चाचा." आणि त्याच उत्साहात तिने डीटीपी सेंटरच्या मालकाला सांगून टाकलं की महिनाअखेर मी सोडते, स्वतःचं काम सुरू करणार. म्हणजे तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका होडीत बसलं होतं.

आठ दिवस तिने पुसलं आणि काढलं. मला समोर ठेवून ती माझ्यातलं एकेक कमी करत गेली. आधी लाटा गेल्या. मग डोलकाठी गेली. मग तिने चांदाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हा नुसता दागिना आहे." चांदही गेला. उरला एक त्रिकोण, त्याखाली अर्धा गोल, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक फट. शीड आणि होडी. बस्स.

खोटं कशाला बोलू, देखणं होतं. मला हेवा वाटला. तिने ते प्रिंटरवर काढलं, दुधी प्लास्टिकच्या शीटवर चिकटवलं आणि स्टीलच्या पट्टीला लावून कटरने कापलं. शिवरामपुढे धरून म्हणाली, "बाबा, बघा. एकही दांडी लागत नाही."

शिवरामने शीट हातात घेतली. सवयीने तिला आडवी केली, मग उलटी केली. उलटी धरून तो क्षणभर थांबला. मग परत सरळ केली आणि म्हणाला, "छान आहे गं."

तो थांबला ते मी पाहिलं. तिने पाहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटाला कंटेनरचा माल भरला. आदल्या दुपारी नव्या मार्क्याने पेट्या रंगल्या आणि दोन्ही गाळ्यांपुढच्या मोकळ्या जागेत थप्प्या लागल्या. सकाळी आप्पाच्या टोळीने दोन ट्रक भरायला घेतले, एक नझीरभाईंचा न्हावा शेवाला जाणारा, दुसरा देवजी शेठचा अहमदाबादला. दुपारी तीनच्या आत पहिला ट्रक बंदरावर पोहोचला नाही तर जहाज चुकणार होतं.

साडेदहाला देवजी शेठच्या एका गिऱ्हाइकाने नमुन्याला म्हणून पेटीची फळी उचकटली. देवजी शेठ पायरीचे व्यापारी. पेटीतून निघाला हापूस.

देवजी शेठ तो आंबा हातात घेऊन नझीरभाईंकडे आले. "नझीरभाई, आपला भोवरा कधीपासून हापूस घालाय लागला?"

"तुमच्या पेटीत माझा माल कसा?"

"मला काय विचारते? मार्का तर भोवराच हाय."

सगळे थप्पीपाशी गेले. संघमित्राही होती, नव्या मार्क्याची पहिली खेप बघायला रजा टाकून आलेली. देवजी शेठनी ती पेटी दाखवली. पेटीवर वर अर्धा गोल, मध्ये फट, खाली त्रिकोणाचं टोक. भोवरा. मग आप्पाने तीच पेटी फिरवून उलटी ठेवली. वर त्रिकोण, खाली अर्धा गोल. होडी.

कागदाला वरची आणि खालची बाजू असते. पेटीला नसते. हमालाच्या डोक्यावरून पेटी उतरते ती उतरेल तशी. संघमित्राने आठ दिवस कागदाकडे बघून होडी काढली होती आणि एकदाही ती फिरवून पाहिली नव्हती.

आप्पा म्हणाला, "पोरी, बेस काढलास. येकाच्या पैशान दोन मार्के."

टोळी हसली. नझीरभाई हसले नाहीत. "किती पेट्या इकडच्या तिकडं गेल्या?"

"कोन जाने. सकालपासून भरतोय."

"सगळ्या फोडून बघायच्या म्हटलं तर संध्याकाळ होईल. आणि फोडलेली पेटी दुबईला कोण घेणार? पायरी गेली तिकडं तर माझं नाव गेलं."

पण एक मात्र संघमित्राचं मानायला हवं, ती पळाली नाही. ती जमिनीवर गुडघे टेकून पेट्यांसमोर बसली आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन भोवऱ्यांकडे बघू लागली. एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग बोट ठेवलं ते मधल्या पट्टीवर.

"बाबा, देवजी काकांचा भोवरा तुम्हीच कापला ना?"

"हो. तीन वर्षं झाली."

"मग ही पेटी त्यांची. बघा, पट्टी तिरकी आहे. डावीकडे कललेली. आणि ही माझी. ही पट्टी स्टीलच्या पट्टीनं कापलीय, नाकासमोर सरळ." तिने पेटी उलटी केली. "उलटी केली तरी तिरकी ती तिरकीच राहते."

देवजी शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तर मला तीन वर्षांत नाही दिसला."

"बाबांच्या हाताचा हा कल मला चार वर्षांपासून दिसतोय, काका. कोनमापक लावून."

मग कामाला लागले सगळे. दोन्ही ट्रक रिकामे केले. एकेक पेटी संघमित्रापुढून जायची. "माझी. बाबांची. बाबांची. माझी." शिवराम खडूने खूण करायचा, आप्पाची टोळी वाहायची. उन्हाने शाईसुद्धा मऊ झाली होती. मध्येच तिला शंका आली की ती बापाला विचारायची, आणि शिवराम पट्टीवरून अंगठा फिरवून सांगायचा, "नाही, हा माझा हात नाही."

निम्म्या पेट्या झाल्यावर शिवराम उठला, त्याने खिळ्यावरून मला काढलं. "नझीरभाई, तुमच्या पेट्यांच्या दुसऱ्या बाजूला ही मारतो. वाटेत पुन्हा घोळ नको."

मी परत कामावर. माझ्या अंगावर ताजी शाई, चांदाच्या दांड्यांतून ब्रशचे केस, आणि पेटीमागून पेटी होडी. इतका आनंद मला हंगामाच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता. एक वाजून दहा मिनिटांनी ट्रक सुटला. त्याच्या मागच्या फळीतून शेवटची होडी मला दिसली. चांद तिरका धरलेला.

ट्रक गेल्यावर नझीरभाई संघमित्रापाशी आले. आवाज चढवला नाही, तेच तिला जास्त लागलं. "बेटा, जुना पत्राच बरा. ठरलं होतं तसं."

"हो, चाचा."

ते गाळ्यात गेले. मग ती बापाकडे वळली. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. शीट उलटी धरली होती तुम्ही."

शिवराम हात पुसत राहिला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू कॉलेजात शिकलेली. मला वाटलं, यात काहीतरी असेल. मी जिन्याखाली बसून शिकलो, मी काय सांगणार?"

"म्हणून गप्प बसलात? मी शिकले म्हणून?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मग मी शिकून तुमचं तोंड बंद केलं फक्त."

शिवरामने हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाला, "आता उघडलं ना. पेट्या ओळखल्यास ना माझ्या हातावरून." आणि त्याने शाईचा हात तिच्या नाकाला लावला. ती हसली नाही, पण तिने डाग पुसलाही नाही.

मग तिने ती गोष्ट केली, जी आधी करायला हवी होती. ती सरळ आप्पापाशी गेली. तो नळाखाली मान धरून बसला होता.

"आप्पा, तुम्ही होडी कशावरून ओळखायचात?"

"होरी? चांदावरशी." आप्पाने तोंडावरचं पाणी निपटलं. "होरी उलटी पडूं दे, सुलटी पडूं दे. मंदी चांद दिसला का नझीर शेठ. तूच तं काढलास चांद."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलास कवा?"

हमालाला चांगलं डिझाइन मिळालं पाहिजे म्हणून ती चार वर्षं भांडत होती. हमालाशी ती पहिल्यांदा त्या दुपारी बोलली. मी तिला दोष देत नाही. तिला शिकवणाऱ्यांनी कागद दिला, पेन्सिल दिली, जाळी दिली. आप्पा दिला नाही.

तिने नझीरभाईंकडे आणखी चार दिवस मागितले. या वेळी ती बाजारातच बसली, गाळ्यासमोर, पेटीवर पेटी ठेवून. त्रिकोण तोच, अर्धा गोल तोच, तेवढं सामर्थ्य तिच्या विद्येत होतं. पण शिडात चांद परत आला, आणि होडीखाली एक लाट. चांदाच्या दोन दांड्या तिने कॉम्प्युटरवर आखल्या नाहीत. पत्रा शिवरामपुढे ठेवला आणि म्हणाली, "या तुम्ही कापा. डाव्या हाताने." मग ते स्कॅन केलं. त्या फाइलमध्ये अजून सात अंशांचा कल आहे. कुणी मशीनवर सरळ करायला गेला तर संघमित्रा मशीन बंद करते.

पाचव्या दिवशी तिने आप्पाला पेटी दिली. उलटी. आप्पाने ती डोक्यावर घेतली, उतरवली, आडवी टाकली, पायाने फिरवली.

"कशी बी टाक. होरीच हाय."

देवजी शेठ त्यांच्या गाळ्यातून म्हणाले, "मग आमच्या भोवऱ्याला पण काहीतरी कर ना."

नझीरभाईंनी पेटी हातात घेऊन चांदावरून बोट फिरवलं. "हां," एवढंच म्हणाले, आणि हापूसचा एक डझन संघमित्राच्या पिशवीत टाकला. पुढच्या कंटेनरवर तिची होडी गेली.

मला तेव्हा निवृत्ती मिळाली. खरं सांगतो, वाईट नाही वाटलं मला. माझाच चांद पुढे गेला होता, माझ्याच तिरक्या दांड्यांवर.

आज संघमित्राच्या या खोलीत चार गिऱ्हाइकांची कामं चालू आहेत. देवजी शेठच्या भोवऱ्याला आरी, म्हणजे टोकाचा खिळा, मिळाली. शिवराम दर रविवारी येतो, प्रत्येक नवीन काम हातात घेऊन उलटं करतो आणि आता लगेच बोलतो. कधी कधी इतकं बोलतो की संघमित्रा म्हणते, "बाबा, थोडं शिकलेल्यांनाही बोलू द्या."

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. मला बघून म्हणाले, "जुनी वस्तू दिसते. काचेच्या फ्रेममध्ये घाला, छान दिसेल." मी घाबरलो. संघमित्रा म्हणाली, "नाही. ती खाली काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी लागते अधूनमधून."

माझं मागणं एवढंच आहे. मला काचेत घालू नका. पत्र्याला शाईचीच ओढ असते. आणि तुम्ही काहीही काढलंत, पाटी, पत्रिका, दुकानाचं नाव, तर ज्याच्या डोक्यावरून ते जाणार आहे त्याच्या हातात आधी द्या. उलटं करून द्या. तो काय म्हणतो ते ऐका.

दार वाजतंय. कुणीतरी नवीन आलं. बघा, मान वाकडी केली.

"होडी आहे ना ही?"